माशी छतावर उलटी बसते, पण ती उलटी होते कधी?

खानापूरच्या_बाई

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. परवा बिसीऊटाच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या वेळी सहावीतला एक मुलगा ताट हातात धरून वर पत्र्याकडे बघत उभा होता. सांबार गार व्हायला लागलं तरी खाईना. काय रे म्हटलं, तर म्हणाला, "बाई, माशी उडते तेव्हा तिची पाठ वर असते. पत्र्याला बसली की पाठ खाली. मग ती पालथी होते कधी? उडता उडता, की बसल्यावर?"

मी म्हटलं, तिच्या पायाला हवा ओढून धरणाऱ्या वाट्या असतात, त्याने ती चिकटते. तो लगेच म्हणाला, "मग उडताना त्या निघतात कशा? फट्ट असा आवाज येत नाही." आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी दिलंच नव्हतं, हेही त्याच्या लक्षात आलं. वीस वर्षं शिकवतेय, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

सोमवारी सांगते असा शब्द दिलाय. तेव्हा तीन गोष्टी हव्यात: पालथी कधी होते, चिकटते कशी, सुटते कशी. ज्यांना खरंच माहीत आहे त्यांनी सांगा, माझ्यासारखा अंदाज नको.

अनगोळकर

बाई, तुमचं बरोबरच आहे की. बाथरूमच्या टाइल्सला रबरी हुक लावतो ना आपण, तसंच. दाबलं की आतली हवा जाते, बाहेरची हवा दाबून धरते. काचेवर बसते म्हणजे नख्या काही कामाच्या नाहीत, तिथं दुसरं काय असणार?

निपाणीचा_चहावाला

माझ्या कपात पडते तेव्हा मात्र पालथीच असते, त्याचं उत्तर कुणाला नको.

सूक्ष्मदर्शी

अनगोळकर, हवेच्या दाबाचा समज फार जुना आहे आणि तो चुकलेला आहे हेही फार पूर्वी कळलंय. निवृत्त प्राणिशास्त्र शिक्षक म्हणून थोडं सविस्तर लिहितो, बाईंना वर्गात उपयोगी पडेल.

माशीच्या प्रत्येक पायाच्या टोकाला दोन वाकड्या नख्या असतात आणि त्या नख्यांखाली दोन मऊ गाद्या. सहा पाय, म्हणजे बारा गाद्या. एकेका गादीवर खालच्या बाजूने हजारो बारीक केस असतात आणि प्रत्येक केसाचं टोक उलथण्यासारखं चपटं झालेलं असतं. त्या टोकांवर अगदी सूक्ष्म ओलावा असतो. तेलकट आणि पाणीदार असे दोन्ही पदार्थ एकत्र मिसळलेले. माशी स्वच्छ काचेवरून चालली की या ओलाव्याचे ठिपके मागे राहतात. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात.

खडबडीत जागी, म्हणजे कौलावर, लाकडावर, चुन्याच्या भिंतीवर, नख्या अडकतात. काच, स्टील, ऑइलपेंट अशा गुळगुळीत जागी गाद्या काम करतात. दोन्ही हत्यारं जवळ असल्यामुळे तिला कुठलीच जागा परकी नाही.

इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने १६६५ साली आपल्या पुस्तकात माशीचा पाय सूक्ष्मदर्शकातून बघून वर्णन केला. त्याला नख्याही दिसल्या, खालचे केसही दिसले. त्याचं म्हणणं असं की काच आपल्याला गुळगुळीत वाटते, पण तिलाही बारीक खाचा असतात, वर धुरकट थर असतो, त्यातच हे सगळं रुततं. पुढे बराच काळ हवेच्या दाबाची कल्पना चालली. एकोणिसाव्या शतकात जॉन ब्लॅकवॉलने माशा काचेच्या हंडीत ठेवून पंपाने हवा काढून टाकली. हवाच नाही तर दाबणार कोण? तरी माशा उभ्या काचेवरून चालत राहिल्या. बाई, हा प्रयोग नुसता सांगितलात तरी तो मुलगा खूश होईल.

अनगोळकर

हंडीचा प्रयोग पटला. माघार घेतो. खरं माझा दुसरा मुद्दा राहतोच. ओलावा चिकट असेल तर ती कायमची अडकायला हवी. चिकट कागदावर बसलेली माशी सुटते का? नाही. मग स्वतःच्या चिकानं ती का अडकत नाही? मुलाचा प्रश्न तोच आहे आणि तुम्ही त्याला बगल दिलीत.

सूक्ष्मदर्शी

बगल नाही दिली, दमलो म्हणून थांबलो होतो. चिक आणि ओलावा यात फरक आहे. काचेचे दोन तुकडे ओले करून एकावर एक ठेवा. सरळ वर ओढून निघत नाहीत, आणि तिथं डिंक वगैरे काही नसतो. दोन पृष्ठांमधला पाण्याचा पातळ थर त्यांना धरून ठेवतो. माशीच्या एका केसाखालचा थेंब अगदीच क्षुद्र, पण असे हजारो केस एकदम टेकतात. आणि तिचं वजन किती? दहा ते वीस मिलिग्रॅम. एका ग्रॅमात पन्नास ते शंभर माशा बसतील.

चिकोडीची_काकू

सुटण्याचं मी सांगते, मला शास्त्र येत नाही, खरं उन्हाळ्यात प्लास्टिकवर साबुदाण्याच्या पापड्या घालते. वाळलेली पापडी मधोमध धरून वर ओढा, तुटेल खरं निघणार नाही. कड नखाने उचला आणि हळूच सोलत न्या, अलगद येते. लेकीला दहा वेळा सांगितलं, कड धर, कड धर. माशी तेच करत असणार बघा.

सूक्ष्मदर्शी

काकू, शंभर टक्के तेच. माशी पाय सरळ ओढत नाही. पाय थोडा पिळते, सरकवते आणि गादी एका कडेपासून सोलत उचलते. सगळे केस एकदम सोडवायला मोठा जोर लागला असता. एकेक रांग सोडवायला जवळजवळ काहीच लागत नाही. नख्यांचाही टेका मिळतो. बाई, तुमच्या विद्यार्थ्याला काकूंची पापडी सांगा, माझं काही सांगू नका.

गुऱ्हाळवाला_संकेश्वर

आमचं गुऱ्हाळ आहे. दिवाळीनंतर घाणा सुरू झाला की माशी आणि आम्ही एकाच घरात. लहानपणापासून बघालोय, तेवढं सांगतो.

काहिलीवरची मळी काढून बाजूला टाकतो, तिथं माशी बसते. वाफ्यात गूळ ओतला की गरम असेपर्यंत ती लांब. जरा थंड झाला की कडेला येते. ताज्या काकवीत पाय पडला तर ती मेलीच, म्हणजे अनगोळकर म्हणतात तो चिकट कागदच. खरं घट्ट ढेपेवर दिवसभर बसते, उठते, तिला काही होत नाही. आणि उठली की दर वेळी पाय घासते. पुढचे दोन एकमेकांवर, मग मागचे दोन. आमचा गुळव्या म्हणायचा, बघ, हात जोडून नमस्कार करालीय. मला वाटायचं गोड लागलं म्हणून हात चोळते.

आता हे वाचून कळालं. पायाच्या केसांत गूळ आणि धूळ बसली तर छताला धरायचं कशानं?

बेळगावची_नात

गुऱ्हाळवाले अण्णा, त्यात अजून एक आहे. माशीला चव पायाने कळते. पायावरच चवीचे केस असतात. ढेपेवर बसली की तोंड लावायच्या आधीच तिला कळतं गोड आहे ते. पाय घाण राहिले तर पकडही जाते आणि चवही जाते.

आज्जीला हे वाचून दाखवलं तर तिने कुंद्याचा डबा उचलून कपाटात ठेवला. म्हणाली, पायाने चाखलेलं मी खाणार नाही.

उगारचा_शेजारी

पालीचंही असंच असेल ना? तीही काचेवर चढते, छतावर पळते. बायको पालीला घाबरते आणि मी तिला सांगत असतो की माशी आणि पाल एकाच शाळेत शिकल्या.

अथणी_फास्ट

पालीवरून आठवलं. आमची काकू साताऱ्याहून लग्न करून अथणीला आली. शेजारची कानडी अज्जी दारात येऊन ओरडायला लागली, "हल्ली! हल्ली!" काकू विचारते, "हल्ली काय?" अज्जी अजून जोरात, "हल्ली!" काकू म्हणते, "हो, पण हल्ली काय झालं?" तेवढ्यात चौकटीवरची पाल काकूच्या खांद्यावर पडली. त्या दिवशी काकू कानडीतला पहिला शब्द शिकली. आता घरात पाल दिसली की सगळे म्हणतो, हल्ली पाली फार झाल्यात.

बेळगावची_नात

हसून हसून मेले. आमच्याकडे माशीला नोणा म्हणणारी कामवाली अक्का आहे, तिच्यामुळे माझा भाऊ लहानपणी "आई, नोणा बसलाय" म्हणायचा. पाहुण्यांना वाटायचं हा लोणी मागतोय.

भौतिकवाला

उगारचे, शाळा एक नाही, शेजारशेजारच्या म्हणू. पालीच्या बोटांखाली पट्ट्या असतात आणि त्यावर केस, पण ते कोरडे. प्रत्येक केसाचं टोक पुन्हा शेकडो अतिसूक्ष्म फाट्यांत विभागलेलं. ते फाटे भिंतीच्या इतके जवळ जातात की रेणूंमधलं क्षीण आकर्षणच पुरतं. कोरड्या पायांनी नुसत्या या आकर्षणावर पाल तगते हे २००० आणि २००२ साली अमेरिकेत केलर ऑटम आणि सहकाऱ्यांनी मोजून दाखवलं. माशी ओल्या पायाची, पाल कोरड्या पायाची.

आणि एक मजेशीर बाब. प्राणी जितका जड, तितके त्याचे केस बारीक आणि जास्त. माशीच्या केसांपेक्षा पालीच्या केसांची टोकं कितीतरी बारीक. कारण लांबी दहापट झाली की वजन हजारपट होतं, तळव्याचं क्षेत्रफळ मात्र शंभरपटच. म्हणून माणूस भिंतीवर चढत नाही. केंब्रिजच्या लोकांनी २०१६ मध्ये हिशोब मांडला होता की माणसाला असं चढायचं तर अंगाचा सुमारे चाळीस टक्के भाग चिकट गाद्यांनी भरावा लागेल.

निपाणीचा_चहावाला

चाळीस टक्के! म्हणजे पोट आणि पाठ. आमच्याकडे गुळगुळीत भिंत आहे, पोटही आहे, फक्त गादी शिवून द्या कुणीतरी.

सांबऱ्याचा_निवृत्त

मंडळी, पाल, पापडी, कुंदा सगळं झालं. मुलाचा पहिला प्रश्न कुणी घेतलाच नाही. पालथी होते कधी?

विमानांच्या देखभालीत आयुष्य गेलं, म्हणून हा वाद मला ठाऊक आहे. विमान उलटं करायचे दोन मार्ग. एक, नाक वर उचलून अर्धं वर्तुळ घ्यायचं, वर पोचलात की पाठ खाली. दुसरा, सरळ जाता जाता कुशीवर लोळायचं. माशी यातलं काय करते यावर एके काळी लोक हिरिरीने भांडायचे. माझं मत विचाराल तर अर्धं वर्तुळ. लोळणं म्हणजे छताशी पंख आपटायचा धोका.

बंगळूरवासी_मूळ_हुक्केरी

काका, तुमचं अर्धं बरोबर निघालंय. हे मी थोडं वाचलंय म्हणून लिहितो.

१९६२ साली हायझर नावाच्या माणसाने अतिवेगवान कॅमेऱ्याने माशीचं छतावर बसणं टिपलं आणि ते सायन्स नियतकालिकात आलं. त्यात दिसलं ते असं की माशी आधी पुढचे पाय डोक्याच्या वर उगारून छताला धरते आणि मग बाकीचं अंग वर झोक्यासारखं घेते. म्हणजे हवेत पूर्ण लोळून, नीट पालथी होऊन मग टेकते असं नाही.

मग २०१९ मध्ये हे फार बारकाईने झालं. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठातले लोक आणि आपल्या बंगळूरच्या नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेसचे संजय साने यांनी मिळून निळ्या माशा घेतल्या आणि त्या छतावर बसताना टिपल्या. चार टप्पे सापडले. आधी माशी वरच्या दिशेने वेग घेते. छत जवळ आलं की हवेतच अंग झपाट्याने फिरवते. मग पाय ताणते. पुढचे पाय छताला टेकले की तेच बिजागरी होतात, आणि राहिलेलं अंग त्याभोवती झुलून वर जातं.

गंमत अशी की हवेतलं फिरणं दर वेळी सारखं नसतं. कधी जास्त कोलांटीसारखं, कधी कुशीवर लोळल्यासारखं, बहुतेक वेळा दोन्हींची सरमिसळ. छताकडे ती कशी, किती वेगाने येते त्यावर ठरतं. काका, म्हणून अर्धं म्हटलं.

आणि सुरुवात कधी करायची हे डोळे ठरवतात. जवळ जाताना छत डोळ्यात मोठं मोठं होत जातं. ते किती झपाट्याने पसरतंय यावरून तिला वेळ कळते.

सांबऱ्याचा_निवृत्त

म्हणजे पुढच्या चाकांवर टेकून शेपूट वर फेकायची. असं विमान मी आयुष्यात बघितलं नाही. तरी एक शंका आहे. इतकं झपाट्याने फिरल्यावर आपण कुठे वळलोय हे तिला कळतं कसं? वैमानिकाला त्यासाठी यंत्र लागतं.

सूक्ष्मदर्शी

यंत्र तिच्याकडेही आहे. बहुतेक कीटकांना पंखांच्या दोन जोड्या असतात, माशीला एकच. मागच्या जोडीच्या जागी दोन छोट्या दांड्या, टोकाला गोळी. ढोलाच्या टिपऱ्या लहान करून लावाव्या तशा. उडताना त्या पंखांच्याच तालात हलतात, घरमाशीच्या बाबतीत सेकंदाला दोनशेच्या आसपास. अंग वळलं की या दांड्यांच्या मुळाशी ताण पडतो आणि तिथले मज्जातंतू तो ओळखतात. डोळ्यांपेक्षा ही खबर लवकर पोचते.

चिकोडीची_काकू

मेलेली माशी भिंतीला चिकटून राहते ते कसं मग? पावसाळ्यात आमच्या न्हाणीत दर वर्षी दिसते. पंख वर केलेले, आणि पोटावर पांढरे पट्टे. झाडूने काढली तरी तोंड चिकटलेलंच. मेल्यावर कड कोण सोलणार, म्हणून तशीच राहते का?

सूक्ष्मदर्शी

काकू, ती पायाने नाही, सोंडेने चिकटलेली असते, आणि ते तिचं काम नाही. एंटोमॉप्थोरा नावाची बुरशी माशीच्या अंगात वाढते. शेवटच्या दिवशी संध्याकाळी माशी उंच जागी चढते, सोंड टेकते, ती तिथेच चिकटते, पंख वर होतात आणि ती मरते. मग पोटाच्या वळ्यांमधून बुरशी बाहेर येते, तेच पांढरे पट्टे, आणि बीजाणू आसपास उडवते. नीट बघा, भोवती पांढुरकं वलय दिसेल. झाडूने काढा आणि हात धुवा.

अनगोळकर

बाईंसाठी एक प्रयोग सुचवतो, माझ्या पहिल्या चुकीची भरपाई म्हणून. मुलगा लहान असताना मुंग्या पाळायचा. काचेच्या बरणीच्या आतल्या कडेला टाल्कम पावडर लावली की मुंग्या वर चढू शकायच्या नाहीत. पावडरीचे कण पायाला लागतात आणि गादी काचेपर्यंत पोचतच नाही. घटपर्णी झाड कीटक पकडतं तेही याच मार्गाने, आतल्या भिंतीवरचं मेण पायाला लागून सुटतं आणि किडा खाली. एक साधी बरणी आणि एक पावडर लावलेली शेजारी शेजारी ठेवा. मुलांना बरणीवर काही लिहून द्यायची गरज नाही.

खानापूरच्या_बाई

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. सोमवार झाला, त्याचा वृत्तांत देते.

आधी दोन ओल्या काचा, मग पापडी. घरून प्लास्टिकवर घातलेल्या पापड्याच नेल्या. प्रत्येकाने एक मधून ओढून तोडली आणि एक कडेने सोलून खाल्ली. मग हंडीचा प्रयोग सांगितला. त्यावर एक मुलगी म्हणाली, "हवा नाही तर माशी मेली असेल की." आता हे मला आधी सुचायला हवं होतं. मेलेली माशी उभ्या काचेवर चालत नाही, असं दुसऱ्याच मुलाने उत्तर दिलं.

दुपारी मोबाईलवर हळू गतीचं चित्रण केलं, सेकंदाला २४० चौकटी. स्वयंपाकखोलीच्या पत्र्याखाली स्टूलवर मोबाईल उताणा ठेवला आणि खाली ताटलीत गुळाचा खडा. पाऊण तासात माशा पुष्कळ आल्या, त्यातल्या दोनच नेमक्या चौकटीत येऊन पत्र्याला बसल्या. पहिली नुसती धूसर रेघ. दुसरीच्या बसण्याच्या दहा-बारा चौकटी मिळाल्या. त्यातल्या एकीत पुढचे दोन पाय पत्र्याला लागलेत आणि अंग अजून तिरकं, खाली लोंबतंय. पुढच्या दोन-तीन चौकटींत ते वर गेलं. ज्याने प्रश्न विचारला होता त्याने ती चौकट थांबवून ठेवली आणि कुणाला पुढे जाऊच देईना. "बाई, इथं बघा, अजून अर्धीच पालथी आहे." बंगळूरवासी, तुम्ही लिहिलेलं मी त्याला अजून सांगितलं नव्हतं. त्याने ते स्वतः बघितलं.

संध्याकाळी त्याचा नवा प्रश्न आलाच: दिवसभर उलटं बसून तिच्या डोक्यात रक्त उतरत नाही का?

शिवाय आता सगळ्यांना पायाचे केस बघायचेत. आमच्या शाळेत भिंग आहे, सूक्ष्मदर्शक नाही. खानापूर भागात कुणाकडे दोन दिवसांसाठी मिळेल का?

सूक्ष्मदर्शी

रक्ताचं असं की आपल्या डोक्यापासून पायापर्यंत रक्ताचा पाच-साडेपाच फुटांचा स्तंभ असतो, उलटं झालं की तो सगळा डोक्यावर येतो. माशीची लांबी सहा-सात मिलिमीटर. तेवढ्या उंचीचा दाब तो काय असणार. शिवाय तिचं रक्त आपल्यासारखं नळ्यांतून फिरत नाही, पोकळीत मोकळं असतं. उलटं काय, सुलटं काय, तिला फरक पडत नाही.

माझा जुना सूक्ष्मदर्शक आहे. आरशावरचा, वीज लागत नाही. शनिवारी सकाळच्या गाडीने घेऊन येतो. स्टँडवर कुणाला तरी पाठवा, पेटी जड आहे. चार काचपट्ट्याही आणतो, पण माशी तुम्ही धरून ठेवा. पाय न मोडता.

गुऱ्हाळवाला_संकेश्वर

माशी कमी पडली तर कळवा. घाणा सुरू आहे.